दातांच्या दवाखान्याचा रंग आणि मुलांची भीती: खरंच काही संबंध असतो का?

रानजाई

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. खालच्या डाव्या दुधाच्या दाढेला कीड लागलीय म्हणून गेल्या महिन्यात त्याला पहिल्यांदाच दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. दार उघडलं आणि स्वारी उंबऱ्यावरच थबकली. आत सगळं पांढरंशुभ्र होतं. भिंती, फरशी, खुर्ची, ऍप्रन, हातमोजेसुद्धा पांढरे. त्या सगळ्या पांढऱ्यात रंग म्हणावा असा एकच, खुर्चीशेजारच्या चूळ टाकायच्या भांड्याच्या कडेला राहिलेला गुलाबी-लाल ओघळ. आधीच्या पेशंटचा असणार. त्याची नजर नेमकी तिथेच गेली. "आई, रक्त?" एवढंच विचारलं त्याने आणि दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली. बोटं सोडवून घ्यायला माझ्याच्याने झालं नाही. तसेच परत आलो.

मग एका मैत्रिणीने दुसरा दवाखाना सुचवला. तिथे बाहेरच्या खोलीला फिकट पिवळा रंग, खुर्ची निळी, भिंतीवर गरम हवेचे फुगे रंगवलेले. हा स्वतःच्या पायांनी आत गेला, दहा मिनिटं फुगे मोजत बसला (सतरा आहेत) आणि खुर्चीवरही चढला. खुर्ची मागे कलली आणि वरचा दिवा लागला, तेव्हा मात्र रडला. तरीही तोंड उघडलं. डॉक्टरांनी दात मोजले आणि म्हणाल्या, आज एवढंच. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलंय, तेव्हा दाढ भरायची आहे.

माझा प्रश्न असा. हा फरक रंगाने पडला की डॉक्टरांच्या वागण्याने? तुमच्या मुलांचा काय अनुभव? दातांचे कुणी डॉक्टर इथे असतील तर जरूर लिहा.

नवखा_बाबा

वाचतोय. आमचीही पहिली वेळ पुढच्या आठवड्यात आहे. त्या चौकट धरलेल्या बोटांचं वाचून पोटात कालवलं.

दंतकथा

मी लहान मुलांचेच दात बघते, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहिते. थोडं लांबेल.

रानजाई, रंगाचा परिणाम होतो. पण तो कुठे होतो आणि किती वेळ टिकतो, हे महत्त्वाचं. २०१३ साली भारतीय बालदंतवैद्यांच्या नियतकालिकात याच विषयावर एक अभ्यास आला होता. ६ ते १२ वर्षांच्या ३०० मुलांना हसऱ्या आणि दुःखी चेहऱ्यांची चित्रं देऊन रंग निवडायला सांगितले होते. हसऱ्या चेहऱ्यासाठी लहान वयाच्या मुलांची पसंती जास्त करून पिवळ्याला होती, मोठ्यांची निळ्याला. दुःखी चेहऱ्यासाठी दोन्ही गटांनी प्रामुख्याने काळा निवडला, त्याखालोखाल लाल. तुमच्या दुसऱ्या दवाखान्यातलं पिवळं-निळं बहुतेक उगाच आलेलं नाही.

आता पांढऱ्याची बाजू. पांढऱ्यावर डाग लगेच दिसतो, त्यामुळे स्वच्छता राखणं सोपं जातं. दुसरं कारण फारसं कुणाला माहीत नसतं. पुढचा कायमचा दात तुटला की आम्ही त्याच्या रंगाशी जुळणारं सिमेंट निवडतो. त्यासाठी छटांची पट्टी असते, ए वन, ए टू, बी वन अशी. ती दाताशेजारी धरून बघायची. खोलीची भिंत गडद पिवळी असेल तर तिचा उजेड दातावर पडतो आणि छटा हमखास चुकते. पेशंटने भडक कपडे घातले असतील तर आम्ही त्यावर करडं कापड टाकतो, ते याचसाठी. म्हणून रंगांची हौस बाहेरच्या खोलीत पुरवावी आणि खुर्चीच्या आसपास भिंती शांत ठेवाव्यात, असं माझं मत.

पण चुळीच्या भांड्यातला तो ओघळ अक्षम्य आहे. दोन पेशंटच्या मध्ये भांडं धुऊन पुसून घेणं ही अगदी पहिली गोष्ट. तिथे भिंतीचा रंग कोणताही असता तरी मूल थबकलंच असतं.

मी स्वतः दोन महिन्यांनी नव्या जागेत जातेय आणि रंग अजून ठरलेला नाही, तेव्हा हा धागा माझ्याही कामाचा आहे.

संशयात्मा

दंतकथा, माहितीबद्दल आभार. पण एक शंका मांडतो. कागदावरच्या हसऱ्या चेहऱ्याला मुलाने पिवळा रंग दिला, यावरून पिवळ्या खोलीत त्याची भीती कमी होते असं कसं म्हणता येईल? पहिली गोष्ट आवडीची आहे, दुसरी परिणामाची. मला आवडत्या रंगाच्या खोलीत बसवून कुणी माझी दाढ काढली तर ती दुखायची राहणार नाही.

रंगाच्या बाबतीत असं आधीही झालंय. १९७९ मध्ये अमेरिकेत सिऍटलच्या नौदलाच्या कोठडीत भिंतींना एक विशिष्ट गुलाबी रंग दिला. कैद्यांची आक्रमकता कमी झाली असं सांगितलं गेलं आणि तिथल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावावरून त्या रंगाला बेकर-मिलर पिंक हे नावही पडलं. मग कित्येक तुरुंगांनी तो उचलला. पुढे २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका तुरुंगात नीट तुलना करून पाहिलं, एका गटाला गुलाबी कोठड्या, दुसऱ्याला नेहमीच्या. फरक आढळला नाही.

रानजाईंच्या दोन दवाखान्यांत रंगाखेरीजही बरंच काही वेगळं होतं. डॉक्टर वेगळे, वेळ वेगळी, शिवाय मुलाची दुसरी खेप. आणि जो डॉक्टर भिंतीवर सतरा फुगे रंगवून घेतो तो मुळातच मुलांचा विचार करणारा असतो. मग श्रेय फुग्यांना द्यायचं की त्याला?

रानजाई

संशयात्मा, हे पटलं. डॉक्टर खरंच फार शांत होत्या. पण तो खुर्चीपर्यंत पोचला म्हणून त्यांच्या शांतपणाचा उपयोग झाला ना? पहिल्या ठिकाणचे डॉक्टर कसे होते ते आम्हाला कळलंच नाही. आम्ही दारातूनच परतलो.

दंतकथा

रानजाईंनी नेमकं बोट ठेवलं. त्या पहिल्या मिनिटात डॉक्टर दिसलेलाच नसतो, दिसते ती खोली. संशयात्मा म्हणतात ते आवड आणि परिणामाचं मात्र मान्य.

कुंचला

मी भिंती रंगवण्याच्या आणि आतल्या सजावटीच्या धंद्यात आहे. तीन-चार दवाखाने केलेत.

सगळे 'कोणता रंग' एवढंच विचारतात. रंगाच्या नावापेक्षा तो किती भडक आहे आणि त्याला चकाकी किती आहे यावर जास्त अवलंबून असतं. एकाच निळ्याच्या पन्नास छटा निघतात. पाण्यात विरघळल्यासारखा निळा वेगळा आणि डोळ्यांत घुसणारा वेगळा. त्यात चकचकीत रंग लावला की डॉक्टरांचा तो दिवा भिंतीवरून परत मुलाच्या डोळ्यांत येतो. पुसता यावं म्हणून लोक चकचकीत घेतात, पण पुसता येणारे मंद झळाळीचे रंगही मिळतात.

आता एक अनुभव. एका डॉक्टरांनी मला बोलावलं. चारही भिंतींवर प्राणी रंगवलेले होते आणि तरी मुलं रडतात, अजून कोणते प्राणी काढू, असा त्यांचा प्रश्न होता. मी म्हटलं, डॉक्टर, मला जरा खुर्चीत झोपवा. झोपलो. एकही प्राणी दिसेना. दिसलं ते छत. छताला कोपऱ्यात ओल आली होती. तपकिरी डाग, मधे गडद आणि कडेला पाय फुटल्यासारखे ओघळ. मी म्हटलं, वर कोळी बसलाय की. त्यांची मदतनीस लगेच म्हणाली, "अहो, परवा एक मुलगी हेच सांगत होती, आम्हाला कळेना ती कशाबद्दल बोलतेय." डॉक्टर तिथे वर्षानुवर्षं उभं राहून काम करत होते. खुर्चीत झोपून त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

आम्ही ओल काढली, छताला अगदी फिका हिरवट रंग दिला आणि मधोमध एक मोठा मासा काढला. भिंतींना हातही लावला नाही.

नवखा_बाबा

कुंचला, अंगावर काटा आला. मूल खरंच झोपलेलं असतं, हे इतक्या प्रतिसादांत कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

दंतकथा

कुंचला, मी आत्ता, रात्री साडेनऊला, माझ्या खुर्चीत झोपून आले. ट्यूबलाइट थेट डोळ्यांत येते आणि तिच्या झाकणात दोन मेलेले किडे आहेत. उद्या सकाळी पहिलं काम ते.

पिंपळपान

मी सत्तरीचा. सात-आठ वर्षांचा असताना दाढ काढायला नेलं होतं. भिंती कशा होत्या ते आठवत नाही. दोन गोष्टी आठवतात. दाराला लावलेला बाटलीच्या काचेसारखा हिरवा पडदा आणि लवंगेच्या तेलाचा वास. अजून कुठे तो वास आला की जीभ आपोआप त्या दाढेच्या जागेकडे जाते. तुम्ही रंगाचं बोलताय, पण वासाचं काय?

दंतकथा

पिंपळपान काका, अगदी खरं. तो वास युजेनॉलचा, लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. दातात तात्पुरतं भरायच्या सिमेंटमध्ये ते असतं आणि वासाची आठवण फार चिवट असते. त्यात एअरोटरचा, म्हणजे दात कोरायच्या यंत्राचा, आवाज. मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेणारं यंत्र ते, शिट्टीसारखं वाजतं. बंद दारापलीकडून तो आवाज आला की बाहेर थांबलेल्या मुलासाठी पिवळी भिंत काही करू शकत नाही. नव्या जागेत पैसे कुठे घालायचे असा प्रश्न आला तर मी आधी दाराला आवाज अडवणारा पट्टा लावेन.

निळाई

सगळे 'मुलांसाठी रंगीत' म्हणताहेत म्हणून दुसरी बाजू सांगते.

माझी मुलगी नऊ वर्षांची, स्वमग्न आहे. आम्ही एकदा अशाच 'मुलांच्या खास' दवाखान्यात गेलो. एक भिंत केशरी, दुसरी पोपटी, तिसरीवर कार्टून, टीव्ही चालू, छताला लटकणारे चकचकीत तारे. माझी मुलगी दोन्ही हातांनी डोळे दाबून टेबलाखाली शिरली. तिथल्या बाई खूप प्रेमळ होत्या, त्यांनी खेळणी दिली, फुगा दिला. त्यांना कळत नव्हतं की तिला ते सगळं दुखत होतं. हो, दुखत होतं. आपल्या कानाशी कुणी सतत ताट वाजवावं, तसं तिच्या डोळ्यांना होतं.

नंतर एका थेरपिस्टने सांगितलं की अशा मुलांसाठी संवेदनांना सोसेल अशी दंतचिकित्सेची खोली करतात. मोठे दिवे बंद, डॉक्टरांच्या कपाळावरचा दिवा फक्त तोंडावर, छतावर हळूहळू सरकणारा मंद रंगीत उजेड, शांत संगीत आणि अंगाला घट्ट लपेटणारं जड आच्छादन. इस्राएलमध्ये आणि अमेरिकेत यावर अभ्यास झालेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४४ मुलं होती, निम्मी स्वमग्न आणि निम्मी नसलेली. अशा खोलीत दोन्ही गटांच्या शरीरावरचा ताण कमी दिसला. दोन्ही गटांच्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आम्ही आमच्या डॉक्टरांना विनंती केली. आता त्या तिला दिवसातली शेवटची वेळ देतात, ट्यूब बंद करतात आणि एक्स-रेचा शिशाचा ऍप्रन तिच्या छातीपासून गुडघ्यापर्यंत पांघरतात. ती स्वतःहून 'जड पांघरूण' मागते. भिंतीला कोणता रंग आहे, मला खरंच सांगता येणार नाही. अंधारच असतो.

दंतकथाताई, नव्या जागेत दिव्यांना कमी-जास्त करायचं बटण नक्की घाला.

दंतकथा

निळाई, लिहून ठेवलं. मनापासून आभार. जड ऍप्रनची कल्पना बाकीच्या घाबरणाऱ्या मुलांनाही करून पाहीन.

संशयात्मा

निळाईंचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वात मोलाचा. हाच बदल एका मुलाला आराम देतो आणि दुसऱ्याला छळतो, तर 'मुलांना अमुक रंग' असं सरसकट बोलणंच धोक्याचं आहे.

सहावे_बाक

मी चित्रकला शिकवते, पहिली ते चौथी.

१९९४ सालच्या एका अभ्यासात पाच ते साडेसहा वर्षांच्या ६० मुलांना नऊ रंग दाखवून प्रत्येकाबद्दल काय वाटतं ते विचारलं होतं. उजळ रंगांशी बहुतेकांनी आनंद जोडला आणि गडद रंगांना नकोशा भावना जास्त चिकटल्या. वर्गातही मला साधारण तसंच दिसतं. पण एक मुलगा होता, आनंदाचं चित्र काढा म्हटलं की सगळा कागद काळा करायचा. मी काळजीत पडले. शेवटी विचारलं तेव्हा म्हणाला, "हा माझा कुत्रा आहे, खूप जवळून." त्याचा कुत्रा काळा होता आणि तो त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचा.

आणखी एक. मुलग्यांमध्ये लाल-हिरव्यात गल्लत होण्याचं प्रमाण मुलींपेक्षा कितीतरी जास्त असतं आणि लहानपणी घरात ते कुणाला कळतही नाही. 'हिरवं बटण दाबलंस की मी थांबेन' असं सांगून लाल आणि हिरवी अशी दोन बटणं मुलाच्या हातात दिली आणि त्याला ती सारखीच दिसत असली तर? गोल आणि चौकोनी करा.

चिमणचारा

आमच्या चार वर्षांच्या बाईसाहेबांच्या दाढेत जांभळं चमचमतं सिमेंट आहे. तिनेच निवडलं. हल्ली घरी कुणीही आलं की आधी तोंड वासते आणि मग नमस्कार करते. पोस्टमनलाही दाखवून झालंय.

नवखा_बाबा

रंगीत सिमेंट खरंच मिळतं?

दंतकथा

मिळतं. कॉम्पोमर म्हणतात त्याला, दुधाच्या दाढांसाठी निळं, गुलाबी, हिरवं, सोनेरी अशा रंगांत येतं. सिमेंटमध्ये कोणतीही जादू नाही. पण मी मुलासमोर रंगांची पट्टी धरते आणि विचारते, यातला कोणता? तेव्हा खोलीतलं सगळं पालटतं. त्या क्षणापर्यंत प्रत्येक गोष्ट त्याच्यावर केली जात असते. झोप, तोंड उघड, हलू नको. पहिल्यांदाच त्याचं बोट एका गोष्टीवर पडतं आणि मी त्याचं ऐकते. एक मुलगी पट्टीवर बोट फिरवत तब्बल चार मिनिटं ठरवत होती. बाहेर पेशंट ताटकळले होते, तरी मी बसून राहिले. त्या चार मिनिटांत तिचे वर ओढलेले खांदे खाली आले, मला समोर दिसत होते.

म्हणून पिवळा का निळा याचं उत्तर मला हल्ली असं वाटतं की ते मुलाला विचारावं. भिंत दर पेशंटला बदलता येत नाही, पण गळ्याचं कापड, पेला, चष्मा, मास्क हे चार रंगांत ठेवता येतात.

वाटसरू४७

रंगांवरून विचारतो. मुलीला दोन दाढांवर चांदीसारख्या टोप्या बसवल्यात. आजी रोज म्हणते, पोरीचं तोंड विद्रूप केलं. काढून पांढऱ्या घालाव्यात का?

दंतकथा

जरा अवांतर आहे, पण उत्तर देते. त्या स्टीलच्या टोप्या फार टिकाऊ असतात. दुधाची दाढ पडेपर्यंत राहतात आणि दाढेबरोबरच जातात. चांगल्या बसल्या असतील तर निव्वळ रंगासाठी काढू नका. आजींना नम्रपणे सांगा की मुलीसमोर 'विद्रूप' हा शब्द नको. टोपीमुळे मुलगी लाजणार नाही, त्या शब्दाने लाजेल.

असंच एका काळ्या औषधाचं. सिल्व्हर डायअमाईन फ्लुओराईड, ३८ टक्क्यांचं. सुई नाही, ड्रिल नाही, फक्त थेंब लावायचा. बऱ्याचदा कीड तिथेच थांबते, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो. मी आधी फोटो दाखवूनच संमती घेते. अनेक पालक पुढच्या दातांना नको म्हणतात आणि मला ते समजतं. पण ज्या मुलाला सुई बघूनच उलटी होते त्याच्यासाठी तो काळा डाग म्हणजे मोठी सुटका असते.

वाटसरू४७

आजीला वाचून दाखवलं. गप्प बसली. मुलीला मात्र 'चांदीची दाढ' आवडली आहे म्हणे.

पिंपळपान

डॉक्टरांच्या पांढऱ्या कपड्यांबद्दल कुणी बोललं नाही. आमच्या वेळी ऍप्रन दिसला की घाम फुटायचा.

दंतकथा

काका, मलाही पूर्वी तसंच वाटायचं म्हणून मी ऍप्रन सोडला होता. पण मुलांना विचारून झालेल्या अभ्यासांत बऱ्याच मुलांनी पांढरा ऍप्रनच पसंत केलाय. डॉक्टर डॉक्टरसारखा दिसला की त्यांना बरं वाटतं. जी मुलं मुळात घाबरट असतात त्यांचा कल मात्र रंगीत कपड्यांकडे दिसतो. मी मध्यम मार्ग काढला. मुलाला भेटते तेव्हा तोंड उघडं असतं, मास्क नाही. दोन वाक्यं बोलते, मग त्याच्यासमोर मास्क चढवते. चेहरा आधी पाहिलेला असला की मास्कमागे कोण आहे ते त्याला माहीत असतं. सांगा, दाखवा, मग करा, ही आमची १९५९ पासूनची पद्धत. मास्कलाही ती लागू होते.

नवखा_बाबा

काल जाऊन आलो. मुलगी बरी होती, मीच बिथरलो. लहानपणी माझी दाढ नीट भूल न देता काढली होती, ते मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. खुर्ची मागे कलली तेव्हा मी तिचा हात इतका घट्ट धरला की तीच म्हणाली, "बाबा, दुखतंय." डॉक्टरांनी मला हळूच मागच्या स्टुलावर बसवलं आणि तिची आई पुढे गेली. भिंत पोपटी होती. मला ती बघून काहीही शांत वाटलं नाही.

दंतकथा

हे इथे लिहिलंत, फार चांगलं केलंत. भीती तीन वाटांनी येते असं मानसशास्त्रात १९७७ मध्ये मांडलं गेलं. स्वतःला आलेला अनुभव, दुसऱ्याला घाबरलेलं पाहणं आणि ऐकीव गोष्टी. तुमची पहिल्या वाटेची आहे. मुलीला दुसऱ्या वाटेने मिळू नये म्हणून तुम्ही स्टुलावर बसलात, हे योग्यच केलंत. आणि स्वतःच्या दातांसाठी जाल तेव्हा डॉक्टरांना ही हकीकत आधी सांगा. मोठ्या माणसांसाठीही आम्ही थांबतो.

संशयात्मा

दंतकथा, तुम्ही जागा बदलताय, तर एक विनंती. आत्तापासून प्रत्येक मुलाचं वागणं नोंदवून ठेवा आणि नव्या जागेतही ठेवा.

दंतकथा

नोंद तशीही करतेच. १९६२ पासूनची चार पायऱ्यांची फ्रँकल श्रेणी आहे, ठाम नकारापासून अगदी आनंदाने सहकार्यापर्यंत. पण मीच रंग निवडणार आणि मीच गुण देणार, म्हणजे माझा कल त्यात येणारच. मदतनिसाला द्यायला सांगेन, तर तिलाही नवी जागा आवडलेली असणार. शिवाय आवाज, दिवे, छत सगळं एकदम बदलणार, म्हणजे रंगाचा वाटा वेगळा काढता येणार नाही. तरी नोंदी ठेवते, सहा महिन्यांनी इथेच सांगते.

कुंचला

मग टप्प्याटप्प्याने करा. आधी छत, दोन महिन्यांनी भिंती. रंगाऱ्याला दोन खेपा पडतील, पण तुम्हाला कळेल तरी. आणि छटा डब्यावरच्या पट्टीवरून ठरवू नका. हातभर पुठ्ठा रंगवून छताला चिकटवा आणि दिवा लावून, खुर्चीत झोपून बघा.

रानजाई

परत आले. काल दाढ भरून झाली!

धाग्यातलं बरंच काही वापरलं. डॉक्टरांना आधी फोन करून सांगितलं की खुर्ची कलताना आणि दिवा लागताना तो घाबरतो. त्यांनी या वेळी खुर्ची कलवण्याचं बटण त्याच्याच हातात दिलं. तो स्वतःच हळूहळू मागे गेला, मधे तीनदा थांबला. भूल द्यायच्या वेळी रडला, खोटं सांगणार नाही. पण नंतर डॉक्टरांनी विचारलं, चष्मा कोणता हवा, आणि त्याने मोठा नारिंगी निवडला. सिमेंट पक्कं करायचा तो निळा दिवा डोळ्यांना लागू नये म्हणून देतात तो. निळा दिवा लागला तेव्हा याने जोरात "आँ" केलं, घाबरून नाही, चष्म्यातून तो दिवा निळा दिसेना म्हणून. डॉक्टरांनी काम थांबवून त्याला चष्मा काढून भिंतीवर पडलेला निळा उजेड दाखवला, मग पुन्हा चष्मा लावून दाखवला. गेला निळा! असं चारदा झालं.

घरी येताना मी मुद्दाम विचारलं, डॉक्टरांची खोली कोणत्या रंगाची होती रे?

म्हणाला, "नारिंगी."

मी म्हटलं, फुग्यांची पिवळी भिंत होती ना?

"ती बाहेर. आत सगळं नारिंगी होतं. डॉक्टरपण."

चिमणचारा

नारिंगी डॉक्टर! बाईसाहेबांना सांगितलं, आता तिला जांभळा डॉक्टर हवा आहे.

निळाई

रानजाई, खूप आनंद झाला. खुर्चीचं बटण हातात देण्याची युक्ती मी आमच्या डॉक्टरांना सांगणार आहे.

दंतकथा

त्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. घाई असताना मधेच थांबून चारदा चष्मा काढून दाखवणं सोपं नसतं.

माझं ठरलं. छत फिकं हिरवट, झळाळी नसलेलं. आतल्या भिंती करड्याकडे झुकणाऱ्या पांढऱ्या, दाताची छटा चुकू नये म्हणून. दिव्याला कमी-जास्त करायचं बटण, दाराला आवाज अडवणारा पट्टा. बाहेरच्या खोलीला पिवळा, पण एक कोपरा मंद उजेडाचा, रिकामा. चष्मे मात्र चार रंगांचे मागवतेय. निळा दिवा चालू असताना नारिंगीच घालावा लागेल, बाकी वेळ ज्याला जो हवा तो.

संशयात्मा

नोंदवहीत चष्म्याच्या रंगाचा एक रकाना वाढवा.

दंतकथा

वाढवला. मुलाने किती वेळ घेऊन निवडला, तेही लिहीन.